अडकलेली पुंगळी

मक्याच्या कणसांत दूध भरलं की रानडुकरांना कुणी आमंत्रण द्यावं लागत नाही. रातोरात कळप येतो, थोडं खातो, लोळून मोडतो जास्त, आणि सकाळी बघावं तर शेतावरून रोलर फिरवल्यासारखं. त्या वर्षी डुकरांनी कहरच केला होता. सलग नऊ दिवस कुणाचा ना कुणाचा मका आडवा. दहाव्या दिवशी उजाडल्या उजाडल्या मका लावणाऱ्यांच्या सोसायटीनं हाका घातला. माणसं डबे वाजवत, आरडत एका बाजूनं शेतात शिरली आणि दुसऱ्या बाजूला, ओढ्याच्या वळणावर, राखणदार बंदूक घेऊन उभा राहिला.

राखणदार म्हणजे साठी ओलांडलेला, पाठीत किंचित वाकलेला माणूस. घरात त्याला आबा म्हणायचे. सोसायटीची बंदूक बत्तीस वर्षं त्याच्या खांद्यावर होती, आणि शेताच्या कडेच्या दोन खोल्या त्या बंदुकीपायीच त्याला मिळालेल्या. बंदूक गेली की खोल्याही गेल्या, असा सरळ हिशेब. येत्या शनिवारी तो बंदूक खाली ठेवणार होता, आणि त्याच्या जागी त्याच्या सुनेचं नाव लिहायचं हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं. मुलगा लांब बंदरावर क्रेन चालवायचा, वर्षातून दोनदा तोंड दाखवायचा. घरात ही दोघंच. सून नेम धरायला सासऱ्याकडूनच शिकली आणि बघता बघता त्याच्या पुढं गेली. खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं बंदूक पुसायची, तेल घालायचं, नळीत गज फिरवायचा, सगळं तीच करत होती. सकाळच्या वेळी आबांची बोटं वळायचीच नाहीत. पण हे बाहेर सांगायला आबांना कमीपणा वाटायचा, आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी पाऊस शिंपडून गेलेला. आबांचा जाड कोट ओलसरच होता, तोच त्यांनी अंगात घातला. मक्याची पानं एका जागी हलली, मग दुसऱ्या जागी, आणि कळप सोडून एकटाच हिंडणारा एक मोठा एकुलगा डुक्कर मुसंडी मारत बाहेर आला. आबांनी नेम धरला, बार काढला. लागला, पण मागं लागला, पोटाच्या खालच्या अंगाला. डुक्कर गर्रकन फिरला आणि ओढ्याकडं वळला. तिकडं वीस पावलांवर, डुकरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून, गावचा गवळी डबा वाजवत उभा होता.

पुंगळी काढून दुसरं काडतूस भरायला आबांनी बंदुकीच्या बोल्टला, त्या मागं ओढायच्या दांड्याला, हात घातला. बोल्ट हलेना. तळहातानं ठोसा दिला, दुसरा दिला, तेव्हा तो एकदम सुटून मागं आला, पण रिकामाच. उडालेल्या गोळीची पितळी पुंगळी नळीच्या घरातच, काडतूस बसतं त्या खोबणीत, बसून राहिली होती. डोळ्यांना दिसत असूनही हाताच्या सवयीनं आबांनी दुसरं काडतूस पुढं रेटलं. ते अर्ध्यावर अडलं. गवळ्यानं डबा टाकला होता आणि तो पळत होता. डुकरानं त्याला बाजूनं गाठलं, मान एकदाच वर उडवली आणि पुढं गेला. थोड्या अंतरावर चिखलात जाऊन स्वतःच कोसळला. पण तोवर गवळ्याची मांडी गुडघ्याच्या वरपासून फाटली होती.

सगळ्यांत आधी पोचली ती सून. हाकाऱ्यांबरोबर तीही शेतात होती. तिनं ओढणी काढून मांडीला आवळली, वरून आपला गुडघा दाबून धरला आणि ट्रॅक्टर आणायला ओरडली. माणसं गोळा झाली. गवळ्याला ट्रॉलीत घातलं, त्याची बायको वर चढली, ट्रॅक्टर निघून गेला. मग सोसायटीचा चेअरमन आबांकडं वळला. शांतपणेच विचारलं त्यानं, "दुसरा बार का नाही काढला?"

पंधरा-वीस जोडी डोळे. आबांच्या हातात तोंड उघडी बंदूक. आणि तोंडातून जे जायला नको होतं ते गेलं.

"बंदूक सूनबाई साफ करते," आबा म्हणाले. "मला काय माहीत आत काय ठेवलंय."

सून तिथंच होती, ओढ्याच्या पाण्यात कोपरापर्यंतचं रक्त धूत. तिनं मान वळवून सासऱ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा हात धुवायला लागली. आबांना वाटलं, भुईनं दुभंगून पोटात घ्यावं. पण भुई काही दुभंगत नाही, माणसाला आपल्या पायांनी चालत घरी यावं लागतं.

घरी आल्यावर शहाण्या माणसानं बंदूक कोपऱ्यात ठेवली असती. आबांनी ती मांडीवर घेतली. अर्ध्यावर अडलेलं काडतूस बाजूला केलं, बोल्ट काढला आणि स्वयंपाकाच्या सुरीचं टोक घालून पुंगळी उचकटायला बसले. बोल्टच्या नखानं पुंगळीची कडा आधीच कुरतडली होती, राहिलेली सुरीनं चेचली. पुंगळी जिथल्या तिथं. सुरीचं टोक मात्र मोडलं.

"आबा, राहू द्या," सून म्हणाली.

"तू मला शिकवू नको."

तिनं शिकवलं नाही. जेवायला वाढलं, त्यांचं ताट नेहमीसारखंच नीट वाढलं, आणि तेच आबांना लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हात पुसताना ती एवढंच बोलली, की परवा तिनं नळी पुसली होती आणि नळीचं घरही पुसलं होतं. कपडा गुंडाळून करंगळी आत फिरवली होती आणि कपडा स्वच्छ निघाला होता.

"मग अडकली कशी?" आबा म्हणाले.

"तेच बघायचंय मला. उद्या लेथवाल्याकडं जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं बाजारपेठेतून निघाली तोवर गोष्ट सगळीकडं पसरली होती. गवळ्याला बावीस टाके पडले होते, दोन महिने पाय टेकायचा नव्हता, आणि त्याच्या अकरा गायी त्याच्या बायकोच्या एकटीच्या गळ्यात आल्या होत्या. नळावर भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायकांतली एक मुद्दाम ऐकू जाईल अशी बोलली, की बंदूक म्हणजे काय पातेलं आहे का राखेनं घासायला. दुसऱ्या हसल्या. पिठाच्या गिरणीसमोर चेअरमनचा पुतण्या भेटला. त्यानं अगदी अदबीनं आबांची विचारपूस केली आणि शनिवारच्या बैठकीला मी पण येतोय म्हणाला. तो का येतोय हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. आबा खाली बघून चालत होते. फडक्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन सून सरळ समोर बघत चालत होती.

लेथवाल्याचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबट खोली. खाली लोखंडाचा चुरा, वर एक पिवळा बल्ब, मध्ये काळाकुट्ट लेथ. लेथवाला तिशीचा, बोलघेवडा, पण कामाला हात लावला की तोंड बंद. पहिल्यांदा त्यानं एकच विचारलं, आत आहे ती उडालेली आहे की भरलेली? सून म्हणाली उडालेली. तरी त्यानं बोल्ट बसतो ते भोक उजेडाकडं धरून स्वतः बघितलं, पुंगळीच्या बुडावर पिनेचा ठसा आहे याची खात्री केली आणि मगच बंदूक टेबलावर घेतली.

"ही कडा कुणी चावली?" त्यानं विचारलं.

सून म्हणाली, "सुरी लागली."

लेथवाल्यानं मान हलवली. म्हणाला, मागून ओढायचा नाद करायचाच नाही, पुंगळी पुढून ढकलायची असते. आणि लाकडी काठी घालायची नाही, मोडली तर नळीत दुसरं लचांड. त्यानं पुंगळीच्या कडेनं पातळ तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत लेथवर पितळेचा एक गज चढवला. गजाचं टोक सपाट केलं, नळीत सैल बसेल इतपत घासलं. पितळच का, असं सुनेनं विचारलं. लोखंड आतल्या आट्यांना ओरखडे काढतं, तो म्हणाला. तिनं गज हातात घेऊन बोटानं टोक चाचपलं. आबा दाराशी स्टुलावर बसले होते. बत्तीस वर्षांत त्यांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

नळीला गोणपाट गुंडाळून लेथवाल्यानं ती शिकंज्यात आवळली, पण बेतानं. तोंडाकडून गज आत सोडला. तो पुंगळीत जाऊन टेकला. लहान हातोडीनं एक टोला. काही नाही. दुसरा. तिसऱ्याला गज बोटभर आत गेला आणि पुंगळी टप्पकन खालच्या फडक्यावर पडली.

हाताच्या बोटाएवढी वस्तू. लेथवाल्यानं ती उचलून बल्बखाली धरली. पितळ चकचकीत असायला हवं तिथं एका अंगानं तपकिरी काळा थर होता, काचेसारखा कडक. त्यानं नखानं खरवडला, पापुद्रा निघाला. नाकाशी नेला.

"हा गंज नाही," तो म्हणाला. "मळ पण नाही." आणि त्या वेड्यानं पापुद्रा जिभेवर ठेवला.

"गोड आहे," लेथवाला म्हणाला.

आबांना एका क्षणात सगळं कळलं. त्यांना डॉक्टरनं साखरेचा आजार सांगितला होता आणि सुनेनं घरातून गोडाचं नाव काढलं होतं. तेव्हापासून आबा पेठेतून संत्र्याच्या गोळ्या आणायचे, कागद काढून कोटाच्या उजव्या खिशात टाकायचे, म्हणजे चुरचुर आवाज नको. आणि काडतुसांचा पट्टा बांधायला बोटं वळेनाशी झाल्यापासून काडतुसंही त्याच खिशात. सुनेनं पट्ट्याला मोठं बक्कल लावून दिलं होतं. पट्टा दिखाऊ असतो म्हणून आबांनी तो खुंटीला टांगून ठेवला होता. परवाचा ओला कोट, विरघळलेल्या गोळ्या, पाकात लडबडलेलं काडतूस. बार झाला तसा तो पाक नळीच्या घरात करपून बसला.

त्यांनी सुनेकडं बघितलं नाही. तिनं पुंगळी हातात घेतली, वास घेतला आणि ओढणीच्या टोकाला बांधली. लेथवाल्यानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग उगाचच हातोडी पुसायला लागला. नळीचं घर त्यानं गरम पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसून दिलं, तेल दिलं, आणि लागली तर साक्ष द्यायला येतो म्हणाला.

"नको," सून म्हणाली. "सांगणारा माणूस आहे घरात."

पेठ संपून पांदीची वाट लागली. आबाच बोलले, चाचरत. रोज नाही खात, कधीतरी एखादी, असं काहीतरी. साठी उलटलेला माणूस आणि बोलणं चोरी सापडलेल्या पोरासारखं.

"गोळ्या खाल्ल्यात त्याचं मी नंतर बघते," सून म्हणाली. "माझं नाव का घेतलंत?"

आबा थांबले. कारण शोधायला गेले आणि एकच सापडलं, की ती जवळ होती आणि उलट बोलणार नव्हती. ते तोंडावर आणायची हिंमत नव्हती.

"तोंडातून गेलं," ते म्हणाले.

"मग तोंडानंच परत घ्या. शनिवारी, सगळ्यांसमोर." ती पुढं चालायला लागली. मग न वळताच म्हणाली, "खोल्या जातील म्हणून नाही म्हणत मी. खोल्या गेल्या तर दुसरीकडं राहू. पण मी गवळीकाकांची मांडी दाबून धरली होती, आणि काल त्यांच्या दारात गेले तर काकूंनी दार लावून घेतलं."

शनिवारपर्यंत तीन दिवस होते. आबांनी मनातल्या मनात ते वाक्य शंभर वेळा म्हटलं असेल. चुलीसमोर म्हटलं, विहिरीवर म्हटलं, एकटे असताना मोठ्यानंही म्हटलं. एकटे असताना ते अगदी सोपं होतं.

बैठक बियाण्याच्या गोदामात असायची. पोत्यांच्या थप्प्यांवर माणसं बसलेली, चेअरमन खुर्चीवर, पुतण्या त्याच्या बाजूला इस्त्रीच्या शर्टात. गवळी येऊ शकत नव्हता, त्याची बायको आली होती. कपड्यांना गोठ्याचा वास, डोळे खोल गेलेले. सून बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होती. चेअरमननं झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं म्हणून सांगितलं आणि मग घसा साफ करून म्हणाला, की आता नवीन नावाचा विचार जरा नव्यानं करावा लागेल. तेव्हा आबा उठले.

"सूनबाईची चूक नव्हती," ते म्हणाले. इथपर्यंत ठीक झालं. मग समोरचे सगळे चेहरे वर झाले आणि आबांचा धीर सुटला. "काडतूस खराब होतं. अडकली पुंगळी. कधी कधी होतं असं."

गोदामात सुटल्यासारखं वाटलं सगळ्यांना. हां, माल हल्ली तसाच येतो, कुणीतरी म्हणालं. नशीब एकेकाचं, दुसरा म्हणाला. अर्धं खरं बोलून काम भागत होतं. सुनेवरचा ठपका गेला, आबांची अब्रू राहिली, आणखी काय पाहिजे होतं? आबा खाली बसायला लागले. सुनेकडं त्यांनी बघितलं तर ती जमिनीकडं बघत होती.

गवळ्याची बायको उठली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, आवाज चिरका लागला. "म्हणजे कुणाचंच चुकलं नाही?" ती म्हणाली. "माझ्या माणसाची मांडी अशीच आपोआप फाटली?"

ती रडली नाही की ओरडली नाही, उत्तर मिळेल म्हणून तशीच उभी राहिली. आबा अर्धे बसलेले पुन्हा उभे राहिले. त्यांनी कोटाच्या उजव्या खिशात हात घातला आणि खिसा उलटा करून बाहेर ओढला. अस्तर नारिंगी चिकट, त्याला तंतू आणि कचरा चिकटलेला, आणि मध्ये अर्धी चघळलेली गोळी अस्तरातच रुतलेली.

"माझं चुकलं, वहिनी," आबा म्हणाले. "या खिशात मी संत्र्याच्या गोळ्या ठेवतो, खायच्या. चोरून. यातच काडतुसं ठेवली. पाक लागून पुंगळी आत करपली. पट्टा होता घरात, तो घातला नाही. बंदूक स्वच्छ होती. ती सूनबाई दोन वर्षं साफ करते, माझ्यापेक्षा बरी करते. हे माहीत असून मी तिचं नाव सांगितलं. आत्तासुद्धा खोटंच बोललो."

मागच्या थप्पीवर कुणालातरी हसू आवरलं नाही. मग दोघा-चौघांना आवरेना. संत्र्याच्या गोळ्या, अरे देवा, असं कुणीतरी पुटपुटलं. हसू गोदामभर फिरून आलं. आबा लोंबता खिसा तसाच ठेवून उभे होते. लोकांनी शिव्या द्याव्यात अशी तयारी त्यांनी केली होती, हसण्याची केली नव्हती. गवळ्याची बायको हसली नाही. तिनं तो खिसा नीट बघितला आणि खाली बसली.

चेअरमननं टेबल वाजवलं. पुतण्यानं शर्टाची बाही नीट केली. चेअरमन माणूस वाईट नव्हता, आणि इतक्या माणसांसमोर आता दुसरं काही म्हणता येत नव्हतं. त्यानं सुनेला विचारलं, तू काय म्हणतेस?

"बंदूक मी घेईन," सून म्हणाली. "काडतुसं पट्ट्यातच राहतील. आणि बंदुकीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही. आबांचासुद्धा."

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी मान डोलावली. नाव लिहिलं गेलं, खाली सुनेची सही झाली, आणि लोक चहाचं काय म्हणत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायला आबा गवळ्याच्या गोठ्यावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. गवळ्याच्या बायकोनं दारातून बघितलं आणि खराटा दाखवला. आबांनी शेण काढलं, पाटी वाहिली, अकरा गायींखालची जमीन धुतली. कंबर धरली तसे भिंतीला टेकले, पुन्हा वाकले. आत खाटेवर गवळी पडलेला. दोघं एका शाळेत, एका बाकावर बसलेले. उघड्या दारातून तो आबांना दिसत होता आणि आबा त्याला. गवळी छताकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वैरण कापताना आबांच्या अंगठ्याला विळा लागला, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. घरी सून विचारायची नाही कुठं गेला होता. फक्त त्यांचा चहा उशिरा ठेवायची, परतण्याच्या वेळेला.

चौथ्या दिवशी गवळ्याच्या बायकोनं खराट्याऐवजी बादली पुढं केली. तिच्या मनगटांना सूज आली होती. आबांनी हौदावर जाऊन हात धुतले, पुसले, आणि पहिल्या गायीच्या बुडाशी जाऊन बसले. बोटं नेहमीसारखीच आखडलेली. कासेच्या उबेनं ती जरा सैल पडतील या आशेवर त्यांनी हात पुढं केला.

"हात धुतलेस?" खाटेवरून गवळ्याचा आवाज आला. इतक्या दिवसांतला त्याचा पहिला शब्द.

धुतले होते. आबा उठले, हौदावर गेले, आणि पुन्हा धुतले.